गावाची पूर्व बाजू

आमच्या गावाच्या प्रगतीचं श्रेय हल्ली मला दिलं जातं. माणूस ऐंशीच्या पुढे गेला की लोक त्याला काहीही देतात: खुर्ची, नारळ, दूरदृष्टी. यातली दूरदृष्टी मला परत करायची आहे.

भूकंपात आमची दगडमातीची घरं बसली आणि सरकारने लातूरच्या अलीकडे माळावर नवं गाव आखायला घेतलं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरने सरळ रेघा मारल्या. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे घर निघेल ते त्याचं. म्हणजे पाटलाच्या शेजारी कोण येईल याचा नेम नाही. तंबूत राहणारी, वाटपाची ब्लँकेटं पांघरलेली आमची थोर माणसं या विचाराने दुसऱ्यांदा हादरली. मी शाळेचा मुख्याध्यापक, साहेबाशी शुद्ध बोलू शकणारा. त्यांनी मला पुढे घातलं आणि मीही गेलो.

आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. म्हणून जुन्या गावात बौद्ध वस्ती पूर्वेला होती. त्यांच्या अंगावरचा वारा आपल्या अंगावर येऊ नये, एवढंच त्यामागचं शास्त्र. ते मी साहेबाला सांगितलं नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, "माणसं घाबरलेली आहेत साहेब. जुने शेजारी जुन्याच बाजूला राहिले तर धीर येईल." साहेबाचे डोळे भरून आले. त्याने नकाशा बदलला. शाळेत समतेचा धडा मीच शिकवायचो, आणि चांगला शिकवायचो.

मग पश्चिमेला आम्ही, पूर्वेला ते. स्लॅबच्या भीतीने आम्ही नव्या घरांत म्हशी बांधल्या आणि स्वतः बाहेर पत्र्याखाली झोपलो. म्हशी आमच्यापेक्षा शूर होत्या.

पुढे लातूरला क्लासचं पीक आलं. शहरात खोल्या पुरेनात, आणि नवा रस्ता नेमका आमच्या पूर्वेकडून गेला. कंधार, उमरी, हिमायतनगरकडची डॉक्टर व्हायला निघालेली पोरं पूर्वेच्या वस्तीत खोल्या घेऊन राहू लागली. तिथे मजले चढले, अभ्यासिका आल्या, झेरॉक्सची दुकानं आली. आमच्याकडे वारा येत राहिला, अगदी शुद्ध. माझा मुलगा आता पूर्वेलाच गाळा भाड्याने घेऊन मेस चालवतो. गाळ्याचे मालक त्याच वस्तीतले, माझ्या शाळेतले जुने सहशिक्षक.

यंदा नव्या गावाच्या वर्धापनदिनाला माझा सत्कार ठरला. 'वंचितांना रस्त्याकडेची जागा मिळवून देणारे द्रष्टे गुरुजी' असा फलक लागला. तो वाचल्यावर मला जेवण जाईना. सहशिक्षकांच्या घरी गेलो आणि वाऱ्याचं सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "गुरुजी, वारा कुठून येतो हे आम्हाला त्याच दिवशी ठाऊक होतं."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, बोललो असतो तर तुम्ही पुन्हा धीराचं भाषण केलं असतं. मी माफी मागितली. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"घरात बसून काय माफी मागायलात? साहेबाला सांगितलं तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं ना?"

सत्काराला शाल आली, नारळ आला, मग माइक आला. मी वाऱ्यापासून सुरुवात केली. पुढच्या रांगेला आधी वाटलं, गुरुजी विनोद करतायत, ते हसले. मग हसू थांबलं. सरपंच माझ्या कानाशी वाकून म्हणाला, जेवणं खोळंबलीत. मुलगा भाताच्या पातेल्याशी उभा राहून आपल्या गाळ्याच्या मालकांचं तोंड बघत होता.

तेवढ्यात बायकांमधून सहशिक्षकांची बायको उठली.

"नळाचंबी सांगा की, गुरुजी."

पाण्याची पाइपलाइन पश्चिमेकडून टाकायला मीच लावली होती. पूर्वेला नळ येईपर्यंत दोन उन्हाळे ही बाई आमच्या दारावरून घागरी वाहत होती आणि मी ओट्यावर पेपर वाचत बसायचो. मी ते खरोखरच विसरलो होतो.

सरपंचाने माइकला हात घातला. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि नळाचं सांगायला लागलो.