पहिल्या नंबरचं बाळ

वजनकाट्यावर ठेवलेलं बाळ रडलंच नाही. बाकीची बाळं पत्र्याला पाठ टेकताच टाहो फोडत होती. हे गुबगुबीत, नऊ महिन्यांचं, नुसतं पडून राहिलं. मंडपातल्या बायका कौतुकानं बघत होत्या.

लढाईची वर्षं होती. वाळव्याकडच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. त्या साली गावात बाळांचं प्रदर्शन भरलं होतं. सर्वांत वजनदार बाळाला बक्षीस. काट्यावरचा तो हौसाचा शिवा. घरचा ऊस, नवरा पलटणीत, घरात शब्द सासूचा.

मी शिवाला उचललं. भर उन्हाळ्यात अंग गार लागलं. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी पाहिलं, तर जीभ जाड, ओठांबाहेर आलेली. पोट फुगलेलं. ते हळूच म्हणाले, "सिस्टर, हे बाळसं नाही. थायरॉईड आहे."

थायरॉईड म्हणजे गळ्यातली ग्रंथी. तिचा रस कमी पडला की शरीराचं सगळं काम मंदावतं. बाळ सुजून जाड दिसतं आणि मेंदूची वाढ मागं पडते.

डॉक्टरांनी प्रदर्शनाच्या अध्यक्षीणबाईंना सांगितलं, की हे बाळ आजारी आहे, बक्षीस देऊ नका. त्या म्हणाल्या, वजन सगळ्यांसमोर झालंय, आता नाही कसं म्हणायचं? शिवाला चांदीची वाटी मिळाली.

दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टरांनी हौसाला बोलावून घेतलं, आजार समजावला. गोळ्या मुंबईहून मागवल्या. त्या कुटून दुधातून द्यायच्या, रोज, जन्मभर. थोड्याच दिवसांत शिवा आईकडं मान वळवून बघायला लागला. घोगरा आवाज मोकळा झाला. सूज ओसरली तसं वजनही उतरलं.

मग हौसा येईनाशी झाली. मी टांगा करून तिच्या गावी गेले. सासू उंबऱ्यातच बसली होती.

"आमचं पोर बक्षिसाचं हाय, बाई," ती म्हणाली. "तुमच्या औषधानं वाळलं. आता देनार न्हाई."

मी परोपरीनं सांगितलं. डॉक्टर स्वतः जाऊन आले. म्हातारी हलली नाही. त्या दिवशी मी निघाले तेव्हा हौसा गोठ्यापर्यंत पोचवायला आली होती. एवढंच म्हणाली, "हसाय लागलं हुतं वो."

लढाई संपली आणि शिवाचा बाप घरी आला. दुसऱ्याच दिवशी पोराला खांद्यावर घेऊन दवाखान्यात हजर. शिवाला पाचवं वर्ष लागलं होतं. उभं राहता येत नव्हतं, बोलणं नव्हतं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. काही महिन्यांनी तो चालला. बोलणं मात्र दोन-चार शब्दांपुढं गेलं नाही.

बापानं डॉक्टरांना विचारलं, "साहेब, तवाच दिल्या असत्या तर?"

डॉक्टर खोटं बोलत नसत. "बराच सुधारला असता," ते म्हणाले.

बापानं मान हलवली, शिवाला उचललं आणि गेला.

पुढं नोकरीत असेपर्यंत अशा बाळाला औषध देताना मी आईच्या आधी घरातल्या म्हातारीला बोलवायचे. पोर बारीक दिसेल, घाबरायचं नाही, हे तिलाच पहिलं सांगायचे. काही ऐकायच्या. सगळ्या नाही.