अण्णांच्या पंगतीतला मास्तर

"गोळी खाल्ली न्हाई का मास्तर आज?"

अण्णांनी भर पंगतीत विचारलं. शे-दीडशे माणसं जेवत होती. माझ्या हातात वरणाची बादली. पळी थरथरली आणि अण्णांच्या व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर चार थेंब पडले.

पंगत हसली. अण्णांना चेव आला. "ह्याचा बाप आमच्याकडं सालगडी होता. पण त्याचा हात कधी कापला न्हाई."

पुन्हा हसली. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. बापाचं नाव निघालं आणि मी हसलो.

अण्णा आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. मी त्यांच्या शिरूर अनंतपाळच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवत होतो. अण्णांच्या घरी लग्न असो, बारसं असो, वाढायला संस्थेचे मास्तर. हे कुठं लिहिलेलं नाही. आदल्या दिवशी हेडमास्तर म्हणायचे, "उद्या अण्णांकडं." बस्स. इंग्रजीवाला पाणी, इतिहासवाला पोळ्या, मी वरण. बी.एड.ला हे शिकवलं नव्हतं.

गोळीचं अण्णांना कळलं कसं? माझ्याच शहाणपणानं. रजेच्या अर्जाला मी मनाच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. गणिताचा मास्तर, पुरावा जोडल्याशिवाय राहवत नाही.

आजार म्हणाल तर काळजीचा. बारमाही. मुलगी नांदेडला शिकते. तिनं फोन उचलला नाही की दहा मिनिटांत माझ्या डोक्यात तिचा अपघात होऊन जातो, मी दवाखान्यात पोचतो, रक्तगट आठवत नाही. अकराव्या मिनिटाला ती म्हणते, "पप्पा, क्लासमध्ये होते." बायको म्हणते, "आवो, एवढं पुढचं बघायलाव, तर पाऊस कधी पडतोय तेवढं सांगा की."

पण सगळ्यांत मोठी काळजी बदलीची. संस्थेच्या शाळा लातूर जिल्ह्यातून पार तिकडं नांदेडच्या पुढं भोकरपर्यंत. अण्णांना नाही म्हटलं की भोकर. घर इथं, म्हातारी आई इथं. म्हणून मी हो म्हणायचो. आणि हो म्हटलं की छाती मोकळी व्हायची. पुढच्या पंगतीपर्यंत.

त्या पंगतीनंतर लातूर गाठलं. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "गोळी वाढवून द्या. हात कापू नये."

"काय करायचंय हातानं?"

"वाढायचंय."

"काय?"

"वरण, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळीचं मी बघते. मनानं बंद करू नका. पण सगळं काम गोळी करणार नाही." आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक ताईंकडं पाठवलं.

ताईंनी मला मास्तरासारखा गृहपाठ दिला. रोज चालायचं. श्वास सावकाश सोडायचा. काळज्या वहीत लिहायच्या आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच, तेवढाच वेळ करायच्या. मी पहिल्याच दिवशी पावणेपाचला सुरू केल्या. मग त्यांनी भीतीपोटी टाळतो त्या गोष्टींची यादी मागितली. सगळ्यांत खाली मी लिहिलं : अण्णांना नाही म्हणणं.

"अण्णांची भीती वाटली की काय करता?"

"हो म्हणतो."

"मग जाते भीती?"

"त्या दिवशी जाते."

"आणि पुढच्या वेळी?"

पुढच्या वेळी ती थोडी मोठी होऊन यायची. वीस वर्षं मी तिला होकाराचा खुराक घालत होतो. पोरांना चक्रवाढ शिकवणारा मी, मला हे गणित दिसलं नव्हतं.

सोप्यापासून सुरुवात केली. मुलीला दिवसभर फोन करायचा नाही. हेडमास्तरांना सांगायचं, माझ्या तासाला मला दुसऱ्या कामाला पाठवू नका. काही दिवस जमलं. काही दिवस शाळेच्या संडासात कडी लावून श्वास मोजत बसलो.

मग अण्णांच्या नातवाचं जावळ निघालं. हेडमास्तर म्हणाले, "उद्या अण्णांकडं. वरण तुमच्याकडंच." मी त्याच दुपारी अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, मी वाढायला येणार न्हाई. शाळेचं काम असंल तर सांगा."

"डॉक्टरनं सांगितलं व्हय?"

"न्हाई. मीच सांगायलोय."

अण्णांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "भोकर बघितलंस का कधी?"

"न्हाई."

"बघशील."

आठ दिवसांत ऑर्डर आली. एक कागद, एक शिक्का. बायकोनं दोनदा वाचली. "पोरगी तरी जवळ यील," म्हणाली आणि आत जाऊन रडली. आईच्या औषधपाण्यासाठी ती मागं राहिली.

आता भोकरला एका खोलीत एकटाच राहतो. बरा झालो असं कुणी समजू नये. काळजी माझ्याबरोबर बदली घेऊन आलीय, तिला कुणाची ऑर्डर लागत नाही. दर महिन्याला लातूरला जातो. वही चालू आहे.

इथल्या मास्तरांनाही अण्णांचं बोलावणं येतं. परवा आलं. स्टाफरूममध्ये सगळे खाली मान घालून बसले होते. मी उभा राहून म्हणालो, "माझं नाव काढा. मी शिकवायला आलोय." एकानं हळूच विचारलं, "सर, भीती न्हाई वाटत?"

वाटते. रोज वाटते. पण भीती माझी आहे, तिला मी पोसीन नाहीतर उपाशी मारीन. अण्णांच्या हातात तिचा कासरा पुन्हा देणार नाही.