अंगठा बाहेर

दादाचं मनगट मी मोडलं. चर्चमध्ये फादरपुढे कितीदा गुडघे टेकले, पण किरकोळ पापं सांगून उठलो. हे तिथे कधी तोंडातून निघालं नाही.

गाडी वडिलांची. काळी, इंग्रजांच्या काळातली. आमच्या वसईच्या गावातल्या कितीतरी नवऱ्या तिच्यातून चर्चला गेल्या होत्या. वडील गेले आणि ती वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये कुजत पडली. मी बँकेत नोकरीला, राहायला एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये. केळीची वाडी दादा बघायचा. गाडी पुन्हा चालू करायचं त्यानेच डोक्यात घेतलं. चर्चमधली मिस्सा झाली की दर रविवारी आम्ही शेडमध्ये.

काम कसलं, मारामारीच ती. गंजलेले बोल्ट घणाने ठोकायचे, पत्रा कापताना तळवे फाटायचे. वडिलांनी आम्हाला गाडी शिकवली तीही कानफटात मारून. दादाने हात उचलायची सवय त्यांचीच घेतली होती.

एका रविवारी माझ्या हातून एक बोल्ट इंजिनातच तुटला. दादाने हातातला पाना सरळ माझ्या कानावर हाणला.

"खुर्ची गरम करून असेच हात होतात, साहेब! बोल्ट सोडवता येत नाही? बायल्या!"

दारात माझी बायको उभी होती. मानेवरून रक्त ओघळत होतं आणि मी हसलो. खरंच हसलो. वहिनी हळद घेऊन धावली तेव्हा म्हणालो, "काही नाही, लागलं जरासं." घरी जाताना बायको एक शब्दही बोलली नाही. ते मला पान्यापेक्षा जास्त लागलं.

पुढच्या रविवारी इंजिन पहिल्यांदा सुरू करून बघायचं होतं. दादा पेट्रोलचा कॅन आणायला घरात गेला. ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर मी सैल केला आणि बोटभर फिरवून ठेवला. ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन मागे झटका मारतं, आणि पुढून लावलेलं हँडल फिरवणाऱ्याच्या हातावर उलटं येतं. म्हणून वडील ओरडायचे, "अंगठा बाहेर!" हँडलला विळखा घालायचा नाही, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा; म्हणजे झटक्यासरशी हात सुटतो. मी ते पाळायचो. दादा नेहमी मूठ आवळून धरायचा. मला ते पक्कं ठाऊक होतं.

दादा येऊन हँडल मारायला लागला. तिसऱ्या वेळी ते उलटं आलं. ओला बांबू पिळून मोडावा तसा आवाज झाला. दादा गुडघ्यावर कोसळला आणि गुरासारखा ओरडला. मनगटातून हाड बाहेर आलं होतं. वहिनीने रिक्षा बोलावली. त्याला आत बसवता बसवता मी "आलोच" म्हणून शेडमध्ये गेलो आणि डिस्ट्रिब्युटर होता तसा लावून आलो. एवढं शांत डोकं माझं आयुष्यात कधी चाललं नाही.

ती मूठ पुन्हा नीट मिटली नाही. कोयता धरता येईना; केळीचे घड वहिनी उतरवायला लागली. आणि दादा येईल त्याला सांगायचा, "माझीच चूक. अंगठा."

पुढे काही वर्षांनी गाडी मीच पुरी केली, तो स्टुलावर बसून शिव्या देत असताना. एकदा माझी मुलगी हँडलला हात लावून बघत होती. तो तिला वाकडं मनगट दाखवून म्हणाला, "तुझ्या मोठ्या पप्पासारखा गाढवपणा करू नको हां. तुझा बाप बघ, कसा शहाणा."

ती घरात गेल्यावर मी म्हणालो, "दादा, त्या दिवशी ठिणगीचं टायमिंग मी फिरवलं होतं."

त्याने माझ्या कानावरचा जुना व्रण पाहिला. मग उठला. डाव्या हाताने बॉनेट उघडलं.

"किती फिरवलं होतंस? लाव तसंच."

मी लावलं.

"आता मार हँडल."

मी वाकलो. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी इंजिनाने लाथ घातल्यासारखं हँडल हिसकलं, हातातून सुटलं आणि कोपरावर बसलं. मी मागे आपटलो. कातडी सोलली होती. बोटं उघडमिट करून पाहिली. हात शाबूत होता.

दादा माझ्यावर वाकला. मारणार असं वाटलं, मी डोळे मिटले.

"आजसुद्धा," तो म्हणाला, "अंगठा बाहेरच ठेवलास ना रे?"