पस्तीस मिनिटांचं बिल्ड

बायकोला सांगितलेलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही मनात येतंच, की हे तुम्ही कुठे बोलाल का? काय करू, स्वभावच तसा. भाजीवाल्याचा काटासुद्धा मी दोनदा बघतो.

अमरावतीत आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी प्रोग्राम लिहितो. प्रोग्राममध्ये काही बदललं की तो चालण्याजोगा पुन्हा तयार करावा लागतो, त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. एक ओळ बदलली तरी सगळं पहिल्यापासून. पस्तीस मिनिटं. बिल्डचं मोठं मशीन माझ्या ताब्यात, पासवर्ड फक्त माझ्याकडे. "सर, बिल्ड लावता का?" असं दिवसातून दहादा कुणीतरी येऊन विचारायचं. मी लावायचो, मग सगळे चहाला. खोटं कशाला बोलू — ते विचारणं मला आवडायचं.

प्राची अकोल्याची. रोज गाडीने बडनेऱ्याला उतरायची, तिथून ऑटो. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. पुढे ठेवायचं की नाही ते साहेब ठरवणार होते. तिने सुचवलं, जेवढं बदललं तेवढंच तयार करू, बाकीचे तयार भाग जपून ठेवू, आणि हीच पद्धत सगळ्यांना कायमची लावू. "एक बटन तुटलं तं आपण अख्खा शर्ट शिवून राहिलो ना सर." सगळे हसले. मीही हसलो, पण — हिला माझ्या मशीनमध्ये एवढा रस का? काल साहेबांच्या केबिनमध्ये ही दोनदा कशाला गेली होती? एखादा जुना भाग चुकून तसाच राहिला तर, असं मी मीटिंगमध्ये विचारलं. शंका रास्त होती. तिने त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं, तेच मला झोंबलं.

साहेब म्हणाले, महिनाभर करून पाहा. तिची पद्धत मशीनवर मीच चढवली. आणि — आता आलोच तिथवर — त्याच दुपारी मशीनमध्ये एक छोटासा आदेश लिहून ठेवला. बिल्ड सुरू होण्याआधी जपलेले सगळे भाग गुपचूप पुसून टाकायचा. कुणाला दिसणार होता?

पुन्हा पस्तीस मिनिटं. तिच्या लॅपटॉपवर दोन, मोठ्या मशीनवर पस्तीस. प्राची शोधत राहिली. कागदावर बाण काढायची, खोडायची, डबा तसाच राहायचा, संध्याकाळची गाडी चुकायची. शेजारी बसून तिच्याबरोबर शोधल्याचं नाटकही मी केलं. महिना संपला तेव्हा साहेबांसमोर ती म्हणाली, "माहीच काहीतरी चूक असन." मग माझ्याकडे वळली. "सर, तुमचा लय टाइम खाल्ला मी. माफ करा." मी म्हटलं, होतं असं.

तिला पुढे ठेवलं नाही.

चार महिन्यांनी मोठं काम आलं, बिल्ड उरकेनात. तिची पद्धत मशीनवर अजून होतीच, मी फक्त तो आदेश काढून टाकला. दोन मिनिटं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, पेढे मागवले. मी दोन खाल्ले.

बातमी अकोल्याला पोहोचली असावी. प्राचीचा मेसेज आला — "अभिनंदन सर. काय अडून होतं ते मले सांगसान का? मी लय शोधलं होतं." मी तो तीनदा वाचला. हिला संशय आलाय? की नुसतंच विचारतेय? शेवटी लिहिलं, तुझ्या पद्धतीत एक बारीक चूक होती, मी काढली.

लगेच उत्तर आलं. "मले वाटलंच होतं सर. थँक्यू."

चूक नव्हती. आमच्या ऑफिसात आजही तिचीच पद्धत चालते, जशीच्या तशी.