रिकामं कवच

वर्षाराणीचं सगळं डोकं गोळीच्या कवचात. कळंबच्या फार्मसी कॉलेजात ती शिकवायची, अन् तास संपला की कॉम्प्युटरपुढं ठाण मांडायची. अंगाला न बाधणाऱ्या पॉलिमरचं कवच, त्याला एक बारीक भोक. त्यातून औषध दिवसभर ठिबकसारखं झिरपत राहायचं. कवच किती जाड ठेवलं तर किती झिरपेल, हे ती गोळी करण्याआधीच पडद्यावर मांडून बघायची. औषध संपलं की रिकामं कवच न विरघळता तसंच पोटाबाहेर पडतं, हे दरसाल पोरांना फळ्यावर काढून दाखवायची. पोरं खुदुखुदु हसायची.

घरी मात्र कधी सांगितलं नाही. बापाशी असलं कोण बोलतं?

तिचे आप्पा, बब्रुवान, अणदूरचे मेंढपाळ. त्यांची रक्तदाबाची गोळी असल्याच कवचाची. एकदा रानात परसाकडं बसले तर गोळी जशीच्या तशी पडलेली दिसली. म्हातारा लाजला, पण बायकोजवळ बोलला. हरणाबाई काय कच्च्या गुरूची चेली? "विरघळतच न्हाय तर लागू कशी पडंल?" म्हणाली, अन् सकाळी गोळी खलबत्त्यात कुटून गुळातून चारली. दिवसभराचं औषध एका दमात अंगात गेलं. आप्पा मेंढरं सोडता सोडता कोसळले.

वर्षाराणी तुळजापूरच्या दवाखान्यात पोचली, तेव्हा मायनं हे सगळं भाबडेपणानं सांगून टाकलं. डॉक्टरांना सांगावं तर माय शेजारीच उभी. न सांगावं तर उपचार चुकणार. एवढी विद्या शिकली, पण त्या घडीला तिला मरण आलं तर बरं असं वाटलं.

"गोळी कुटून दिली होती," ती म्हणाली.

डॉक्टर चमकले. "ही गोळी कुटतात का? कुणी दिली?"

मायचा चेहरा पांढराफटक पडला. वर्षाराणी पुढं झाली. "मी सांगितलं होतं कुटायला."

"तुम्ही फार्मसी शिकवता ना?"

डॉक्टर धावपळीला लागले.

"तू कवा सांगितलंस गं?" माय हळूच म्हणाली. "मला याद न्हाय."

"फोनवर, माय. विसरलीस तू."

आप्पा दोन दिवसांनी गेले. उपचार सगळे झाले, पण उशीर झाला होता.

अणदूरला माणसं भेटायला येत राहिली, अन् माय प्रत्येकाला सांगत राहिली, "म्या अडाणी, म्या कशाला कुटते? लेकीचा फोन आला, म्हणून कुटली." हळूहळू तिला तो फोन आठवायलाही लागला, आपण चुलीपुढं होतो, तवा तापला होता. गंगम्मा आत्यानं तर वर्षाराणीच्या हातचं पाणी घेतलं नाही. "शिकून बाप खाल्ला," म्हणाली.

वर्षाराणी भिंतीला टेकून ऐकत बसायची.

मधेच माय रडायची थांबायची, भेदरून लेकीकडं बघायची.

"सांगितलं व्हतंस न्हवं गं?"

"व्हय माय. सांगितलं होतं."