जत्रेतल्या मोटारीचं संगीत

तेविसाव्या वर्षी मी संगीतकार होतो. ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती, बाकीच्या सोलापूरला ती अजून कळायची होती. पेटी मला धड येत नव्हती, तबल्यावर हात बसत नव्हता आणि गळ्याबद्दल तर विचारूच नका. म्हणून जुनी वाद्यं आता संपली, असं माझं ठाम मत झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आई म्हणायची. मी तिला जुन्या विचारांची समजायचो.

घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग होते आणि आतल्या खोलीत आम्ही. दिवसभर त्यांची खडखड चालायची आणि तिच्यावर आवाज चढवून आम्ही एकमेकांकडे मीठ मागायचो. वडिलांना, म्हणजे अण्णांना, त्यातला एक माग माझ्या हाती द्यायचा होता. मी बरेच दिवस टाळाटाळ केली. शेवटी दिवाळीत त्यांनी निकाल लावला.

"जानेवारीत गड्ड्याची जत्रा हाय. तवर तुझं काय ते वाजवून दाव. चार लोकांनी थांबून ऐकलं तर माझं काय बी म्हननं न्हाय. न्हायतर गड्डा उठला की मागावर बसायचं."

माझी अब्रू वाचवायला एक मित्र धावून आला. सात रस्ता चौकाजवळ त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मुंबईत त्यानं मोटार चालवायचा विजेवरचा खेळ पाहिला होता आणि तसाच एक गड्ड्यासाठी बनवायला घेतला होता. काचेमागं कापडाचा लांब पट्टा दोन रुळांवर फिरायचा, त्यावर वळणावळणांचा रस्ता रंगवलेला. पट्ट्यापुढं पत्र्याची बोटभर मोटार आणि बाहेर भंगारातून आणलेलं खरंखुरं स्टिअरिंग. मोटार रस्त्याबाहेर गेली की लाल दिवा लागून खेळ संपायचा. शेवटपर्यंत नेली तर बक्षीस म्हणून कंगवा.

"नुसतं गरागरा फिरतंय, मजा येत न्हाय," तो म्हणाला. "म्युझिक पायजे की."

मी लगेच कामाला लागलो. त्याच्याकडे दुरुस्तीला आलेला एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, तो मी घरी आणला. शेंगाचटणीच्या खलबत्त्यावर ठेका धरला. रस्त्यावरच्या खडीसाठी सुपात ज्वारी घोळली. सायकलच्या तारा छेडल्या. आणि अपघातासाठी कडक भाकरी मोडायची ठरवली, कारण कडक भाकरीसारखा मोडण्याचा आवाज दुसऱ्या कशालाच नाही. कोणती भाकरी सुरेल मोडते हे बघता बघता आईनं थापून वाळवलेली सगळी चळत संपली. पुढचे काही दिवस घरातल्या सगळ्यांनी माझे अपघात आमटीत कुस्करून खाल्ले.

पण मुख्य वाद्य म्हणजे माग. अण्णा सूत आणायला गेले की मी माइक घेऊन पुढच्या खोलीत जायचो. मोटार धावते तोवर मागाची लय, आणि सगळ्यात अवघड वळणावर माग एकदम बंद. पूर्ण शांतता. वळण संपलं की पुन्हा सुरू. या शांततेतच खरं संगीत आहे, असं मी मित्राला पुष्कळ वेळ समजावून सांगितलं. तो एका रेडिओच्या तारेला डाग देत बसला होता. त्यानं "बरं" म्हटलं.

पट्टा आणि टेप एकाच बटणावर सुरू होत. अपघात मात्र कधी होईल याचा नेम नाही, म्हणून तो मी पडद्यामागं बसून, लाल दिवा लागताच, प्रत्यक्ष वाजवणार होतो. पहिल्या संध्याकाळी मी माइक आणि भाकऱ्यांची नवी चळत घेऊन बसलो. गिरण्या आणि मागांचे कारखाने सुटले आणि स्टॉलपुढं रांग लागली. पहिला खेळाडू झकास निघाला. अवघड वळण आलं, शांतता झाली, लाल दिवा लागला. मी भाकरी मोडली. दुसरा निघाला, त्याच वळणावर लाल दिवा. तिसराही तिथंच. मी एकामागून एक भाकऱ्या मोडत होतो आणि माझ्या शांततेचा लोकांच्या मनावर केवढा परिणाम होतोय म्हणून खूष होतो.

मग बाहेर आवाज वाढला. "मशीन खोटं हाय," कुणीतरी म्हणालं. मित्र पडद्यामागं आला. त्याचा चेहरा उतरला होता. "तुझी शांतता काढ बाबा," तो म्हणाला. "आता भाकरी न्हाय, माझी हाडं मोडत्याल."

तेवढ्यात रांगेतून अण्णा पुढं आले. मी पडदा बाजूला करून बघू लागलो. त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वळणापर्यंत मोटार रेषेवरून हलली नाही. मग टेपवरचा माग थांबला आणि अण्णांचा उजवा हात स्टिअरिंग सोडून बाजूला गेला, तिथं नसलेल्या, सुताची कांडी घेऊन धावणाऱ्या धोट्याकडे. माग थांबला म्हणजे कांडीवरचं सूत संपलं, नवी घालायची. मोटार रस्त्याबाहेर गेली. भाकरी मोडायची मला आठवण राहिली नाही.

अण्णांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि ते हसले. "मशीन खोटं न्हाय," ते लोकांकडे वळून म्हणाले. "माग थांबला की आपलाच हात जातोय." लोकांनी आपापले हात बघितले. मग काय, ज्याला त्याला आपला हात आवरून दाखवायचा होता. कुणी डाव्या हातानं उजवा धरून खेळला, एकानं मनगट रुमालानं स्टिअरिंगला बांधून घेतलं. माझ्या भाकऱ्या संपल्या, तरी रांग संपेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजयी वीरासारखा पुढच्या खोलीत गेलो. जिंकलेल्या माणसानं उदार असावं, म्हणून म्हणालो, "अण्णा, तसं म्हटलं तर मी अधनंमधनं मागावर बसेन की."

ते कांडी बदलत होते. "नको," ते म्हणाले. "ती टेप तू किती येळा ऐकलीस?"

"लई येळा."

"माग थांबल्यावर तुझा हात कवा गेला?"

मी आठवून बघितलं. एकदाही गेला नव्हता.

"मग तुला बसवून काय करू," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझ्यामागं हे बंदच हुनार."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आनंद व्हायला हवा होता, आणि मला रडू येत होतं. अण्णांनी माग सुरू केला, त्यामुळे ते त्यांना ऐकू गेलं नाही.