चपलांजवळची जागा

शेजारच्या फ्लॅटमध्ये आज प्लास्टर चाललंय. ओल्या सिमेंटचा वास आला आणि शाहूपुरीतलं आमचं भाड्याचं घर आठवलं. तिथं छताचा मोठा तुकडा पडला होता. घरमालकांनी आतल्या गंजक्या सळ्या तशाच ठेवून वरून सिमेंट थापून घेतलं. बघायला आले नि म्हणाले, "आता काय होत न्हाय."

आई भांडली नाही. "जेवल्याबिगर जायचं न्हाय, मालक," म्हणत तिनं त्यांचा पाट नेमका त्या थापलेल्या सिमेंटखाली मांडला. स्वतः त्यांच्या शेजारीच बसली. आम्हा भावंडांना मात्र उंबऱ्याशी बसवलं. मी तोंड फुगवलं. पाहुण्यांना मधली जागा आणि आम्ही चपलांजवळ!

"आमटी वाढू की," आई म्हणत होती. मालकांचे डोळे सारखे वर जात होते. तेवढ्यात सिमेंटची एक कणी त्यांच्या ताटात पडली. त्यांनी घास खाली ठेवला.

"वैनी, उद्याच गवंडी धाडतो. सगळं फोडून नवं करूया."

आणि केलंही त्यांनी, अगदी पक्कं.

आज त्या वासात मला आई दिसते, त्या छताखाली निवांत जेवणारी. आणि आम्ही दाराशी, एका उडीत बाहेर पडता येईल असे.